पडलेल्यांचं काय करायचं?

बर्लिनच्या संग्रहात पपायरसचा एक लहानसा तुकडा आहे. इजिप्तच्या फयूम भागातला, 1893 मध्ये पहिल्यांदा छापून प्रसिद्ध झालेला. मजकूर ग्रीक, भाषा सरळसरळ अर्जाची. अर्जदार ऑरेलियस डायोजेनिस, वडिलांचं नाव सताबूस, राहणार ‘अलेक्झांडरचं बेट’ या गावी, वय 72, ओळखीची खूण उजव्या भुवईवर व्रण. आपण देवांना नेहमीच बळी देत आलो आहोत, आत्ताही फर्मानाप्रमाणे तुमच्या डोळ्यांदेखत बळी दिला, पेय अर्पण केलं, नैवेद्याचा घास खाल्ला, तरी तसं लिहून मिळावं, अशी विनंती. खाली साक्ष आणि तारीख. आपल्या कॅलेंडरप्रमाणे ती येते 26 जून 250.

तलाठ्याच्या कचेरीतून रहिवासाचा दाखला काढलेल्या माणसाला हा कागद बिलकुल परका वाटणार नाही. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या कोरड्या मातीनं जपून ठेवले, आणि बहुतेकांवर त्याच जून-जुलैच्या तारखा आहेत. एक तर चक्क मगरदेवाच्या पुजारणीचा आहे. जिचं आयुष्य देवळात गेलं, तिनंही मी देव मानते असं सरकारला लिहून द्यायचं! कमाल आहे. पण त्यावरूनच कळतं की फर्मान सरसकट होतं. डायोजेनिस म्हातारा ख्रिस्ती होता की नव्हता, हे त्याच्या दाखल्यावरून अजिबात सांगता येत नाही.

ख्रिस्ती धर्मातल्या क्षमेची गोष्ट मला या कागदांपासून सांगावीशी वाटते. येशूनं पापी माणसांना क्षमा केली, हे बहुतेकांच्या कानावर असतं. पण ज्याला एकदा क्षमा मिळाली, त्यानं पुन्हा तेच केलं तर? या प्रश्नाचं तयार उत्तर सुरुवातीच्या मंडळ्यांकडे नव्हतं. ते त्यांना शोधावं लागलं, आणि शोध लागला तो या दाखल्यांनी उडवून दिलेल्या गोंधळात.

249 साली डेशियस रोमचा सम्राट झाला. सरहद्दीवर गॉथ लोकांच्या धाडी, तिजोरीत खडखडाट, गादीवर एकामागून एक सेनापती बसवले आणि उतरवले जात होते. त्यानं ठरवलं की देवांचा कोप शांत करायचा, आणि तोही अख्ख्या साम्राज्यानं मिळून. प्रत्येकानं बळी द्यावा, घास खावा, दाखला घ्यावा. ख्रिस्ती माणसाला यातलं काहीही निषिद्धच. मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकणं म्हणजे ख्रिस्ताला नाकारणं. न केलं तर तुरुंग, छळ, मालमत्तेची जप्ती, कधी मरण. रोमचा बिशप फेबियन जानेवारी 250 मध्येच गेला.

मग ख्रिस्ती लोकांनी काय केलं? काही ठाम उभे राहिले. काही पळाले. आणि मोठ्या संख्येनं लोक वाकले. कार्थेज हे आजच्या ट्युनिशियातलं तेव्हाचं बडं शहर. तिथला बिशप सिप्रियन लिहून गेला आहे की लोक बोलावण्याची वाट न पाहता आपणहून चौकात धावले. गर्दी इतकी की संध्याकाळ झाल्यावर अधिकारी म्हणाले उद्या या, तर हे आजच उरका म्हणून गयावया करू लागले. काहींनी कडेवर तान्ही मुलं नेली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी आणखी सोपी वाट काढली: बळी द्यायचाच नाही, अधिकाऱ्याचा हात ओला करायचा आणि दाखला तेवढा घ्यायचा.

या शेवटच्या मंडळींचा युक्तिवाद सिप्रियननं एका पत्रात नोंदवला आहे, आणि तो वाचताना सतराशे-अठराशे वर्षांचं अंतर नाहीसं होतं. बिशपनं शिकवलं होतं मूर्तींना बळी देऊ नकोस. म्हणून मी अधिकाऱ्याकडे गेलो, त्याला स्पष्ट सांगितलं की मी ख्रिस्ती आहे, मला वेदीजवळ जाता येत नाही, आणि जे करायचं नाही ते करावं लागू नये म्हणून पैसे मोजतो. आता यात मी पाप कुठं केलं? दाखल्यावर मात्र बळी दिल्याचंच लिहिलेलं!

वर्षभरात छळाचा जोर ओसरला. 251 च्या उन्हाळ्यात डेशियस गॉथांशी लढताना मारला गेला. आणि पडलेले, म्हणजे छळात वाकलेले लोक, शेकड्यांनी, मंडळीच्या दाराशी परत आले. आम्हाला आत घ्या.

हे इतकं अवघड का होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. बाप्तिस्मा घेताना माणसाची आधीची सगळी पापं धुतली जातात, हा विश्वास पक्का होता. खुनी असो, वेश्यागमनी असो, पाण्यातून वर आला की कोरी पाटी. कमावलेलं काही नाही, सगळी कृपा. पण पाण्यातून वर आल्यानंतरचं काय? नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात एक कठोर उतारा आहे, त्याचा अर्थ असा लावता येतो की प्रकाश पाहिल्यावर जे मागे फिरले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मस नावाच्या ख्रिस्ती लेखकानं ‘मेंढपाळ’ या ग्रंथात म्हटलं की आणखी एक संधी आहे, पण एकच. मूर्तिपूजा, खून, व्यभिचार ही तीन पापं तर कित्येकांच्या मते मंडळीच्या हाताबाहेरची, देवानं पाहून घ्यावीत अशी. छोट्या, एकमेकांना ओळखणाऱ्या मंडळीत हे चालून गेलं. आता निम्म्याहून जास्त गाव पडलेल्यांत मोडेल अशी पाळी आली होती.

त्यात सिप्रियनची स्वतःची बाजू लंगडी. छळाच्या काळात तो शहराबाहेर लपून पत्रांतून कारभार पाहत होता. मेंढपाळ पळाला, अशी कुजबुज रोमपर्यंत गेली होती. उलट तुरुंगात ज्यांनी हाल सोसले, त्यांचा मान आभाळाएवढा. पडलेले लोक तुरुंगाच्या दाराशी जाऊन त्यांच्याकडून चिठ्ठ्या आणू लागले: अमक्याला त्याच्या माणसांसह मंडळीत घ्यावं. नाव एकाचं, आणि ‘त्याची माणसं’ वीस-तीस. म्हणजे सरकारी दाखल्यानं जो बाहेर पडला, तो आता तुरुंगातल्या दाखल्यावर आत यायला पाहत होता. सिप्रियन वैतागला. क्षमा अशी घाऊक वाटायची नसते, प्रत्येकाची विचारपूस व्हायला हवी, असं त्याचं म्हणणं. तरी मरणाच्या दारात असलेल्यांना अडवू नये, इतपत तो 250 च्या उन्हाळ्यापर्यंतच मऊ झाला होता.

दुसऱ्या टोकाला रोममध्ये नोव्हेशियन. त्याला खलनायक करणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. त्रैक्यावर लॅटिनमध्ये पहिल्यांदा सविस्तर लिहिणाऱ्यांपैकी तो एक, विद्वान, चारित्र्यानं स्वच्छ. सुरुवातीला मरणासन्न पडलेल्यांबाबत त्याची भूमिकाही सिप्रियनसारखीच होती. 251 मध्ये रोमच्या बिशपपदी कॉर्नेलियसची निवड झाली, तेव्हा नोव्हेशियन विरोधी बिशप म्हणून उभा राहिला आणि त्याची भूमिका लोखंडासारखी घट्ट झाली. पडलेल्यांनी जन्मभर पश्चात्ताप करावा, रडावं, देव त्यांना क्षमा करीलही, पण मंडळीनं त्यांना पुन्हा प्रभुभोजनाला बसवू नये. तर्क बिनतोड आहे. ज्यांनी हाडं मोडून घेतली पण नाव सोडलं नाही, त्यांच्या शेजारी चौकात धावत गेलेल्याला बसवायचं, तर मग त्या हाडांची किंमत काय? सिप्रियनचं उलट विचारणं असं: माणसाला रड म्हणायचं, छाती पिट म्हणायचं, आणि वर सांगायचं की काही झालं तरी तू बाहेरच मरणार. मग रडेल कोण?

या वादात सगळ्यात मोलाचा पुरावा कोणत्याही तर्कातून आला नाही. तो अलेक्झांड्रियातल्या एका म्हाताऱ्याकडून आला. तिथला बिशप डायोनिसियस यानं अँटिओकच्या बिशपला एक पत्र लिहिलं, कारण तो नोव्हेशियनकडे झुकत होता. पत्र चर्चचा इतिहासकार युसेबियस याच्या ग्रंथात टिकून राहिलं आहे. सेरापियन नावाचा वृद्ध, आयुष्यभर निष्कलंक, छळात मात्र बळी देऊन बसला. नंतर परोपरीनं विनवण्या केल्या, कोणी लक्ष दिलं नाही. आजारी पडला, तीन दिवस बोलणं बंद, शुद्ध नाही. चौथ्या दिवशी जरा भान आलं तेव्हा नातवाला म्हणाला, धर्मगुरूला बोलाव. मुलगा धावला. रात्र होती, आणि धर्मगुरू स्वतःच अंथरुणाला खिळलेला. पण मरणाच्या दारी असलेल्यांना अडवू नये अशी बिशपची सूचना होती. त्यानं मुलाच्या हातात पवित्र भाकरीचा छोटासा तुकडा दिला आणि सांगितलं, भिजव आणि आजोबांच्या तोंडात थेंब थेंब सोड. मुलानं तसंच केलं. म्हाताऱ्यानं थोडं गिळलं आणि प्राण सोडला.

डायोनिसियस विचारतो, हा मुक्त होईपर्यंत राखून ठेवला गेला होता, हे उघड नाही का? मी त्या मुलाचा विचार करतो. बिशप, धर्मसभा, सिद्धांत सगळं चाललेलं असताना क्षमेचं प्रत्यक्ष काम अंधारात एका पोराच्या चिमटीतून झालं.

कार्थेजच्या बाजूलाही असे चेहरे आहेत. कॅल्डोनियस नावाच्या बिशपनं सिप्रियनला बोना या स्त्रीबद्दल कळवलं. नवऱ्यानं तिला वेदीपर्यंत फरफटत नेलं, इतरांनी तिचे हात धरून तिच्याकडून बळी देववला. ती ओरडत राहिली की हे मी केलं नाही, तुम्ही केलंत. तिला हद्दपार करण्यात आलं. कास्टस आणि एमिलियस हे दोघं पहिल्या चौकशीत छळापुढे वाकले. दुसऱ्यांदा पकडले गेले तेव्हा आगीपुढे टिकले आणि मेले. सिप्रियन त्यांचं नाव मुद्दाम घेतो. पहिल्यांदा हरलेला माणूस दुसऱ्यांदा जिंकू शकतो, इतकंच नाही, तर ज्या जागी पडला नेमक्या त्याच जागी उभा राहू शकतो. पापावर मात करणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उदाहरण क्वचितच सापडेल. मात्र त्यासाठी दुसरी वेळ यावी लागते, आणि नोव्हेशियनच्या हिशेबात मंडळीकडून ती मिळण्याची सोय नव्हती.

251 मध्ये आफ्रिकेतले बिशप कार्थेजला जमले आणि त्यांनी काय केलं, तर प्रकरणं एकेक करून तपासायची ठरवली. हाक येण्याआधी धावलेला वेगळा, छळ असह्य होऊन शेवटी वाकलेला वेगळा. बायकामुलांना, कुळांना ओढत वेदीवर नेणारा वेगळा. आणि आपण एकट्यानं बळी देऊन सगळ्या घरावरचं संकट टाळणारा, वर परागंदा झालेल्या ख्रिस्ती लोकांना घरात लपवणारा वेगळा. नुसता दाखला विकत घेणाऱ्यांना चौकशीनंतर परत घ्यायचं. प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांनी प्रायश्चित्त चालू ठेवायचं, मरताना समेट.

दोनेक वर्षांत पुन्हा छळाची चिन्हं दिसली, साथीच्या रोगानं शहरं आधीच पोखरलेली. तेव्हा चाळीसेक बिशपांनी तोही निर्णय बदलला: प्रायश्चित्त करत असलेल्या सगळ्यांना आत्ताच आत घ्या. कारण मोठं विलक्षण दिलं. ख्रिस्तासाठी रक्त सांडा असं ज्यांना सांगायचं, त्यांना ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला नाकारायचा कोणत्या तोंडानं? आधी शौर्य दाखव, मग प्याला, असा क्रम कोणालाही सुचला असता. त्यांनी तो उलटा केला. पडलेल्याच्या हाती प्याला आधी द्यायचा, उभं राहण्याचं बळ त्यातूनच येईल. कृपेबद्दल पुढे ऑगस्टिननं हजारो पानं लिहिली, माणसाचं पश्चात्तापाकडे वळणंसुद्धा देवाच्या देण्यानंच सुरू होतं असं मांडलं. पण कार्थेजच्या त्या पत्रात हे सारं व्यवहाराच्या भाषेत येऊन गेलेलं आहे.

सिप्रियननं पुढे आपलाही हिशेब चुकता केला. 14 सप्टेंबर 258 रोजी कार्थेजजवळ त्याचा शिरच्छेद झाला. मारेकऱ्याला 25 सोन्याची नाणी द्या, असं त्यानं आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं.

नोव्हेशियनचे अनुयायी स्वतःला ‘शुद्ध’ म्हणवत पुढे कित्येक पिढ्या टिकले. 325 च्या निकिया परिषदेत त्यांचा बिशप असेशियस आला होता, आणि सम्राट कॉन्स्टंटाइन त्याला म्हणाला की शिडी घे आणि एकटाच स्वर्गात चढून जा, अशी कथा पाचव्या शतकातला इतिहासकार सॉक्रेटिस सांगतो. परिषदेचा आठवा नियम याच मंडळींसाठी आहे. त्यांच्या धर्मगुरूंना परत यायचं असेल, तर छळात पडून प्रायश्चित्त करणाऱ्यांशी आपण संबंध ठेवू, हे त्यांनी लेखी द्यायचं.

गोष्ट इथं संपली असती तर छान झालं असतं, पण क्षमेला पुन्हा कुलूप लागलं. दुसरी संधी आहे, हे मान्य झालं. तिसरीचं नाव नाही. कबुली दिलेला पापी आता जाहीर प्रायश्चित्तवाल्यांच्या रांगेत उभा राहायचा. बिशप बेसिलच्या नियमांत खुनासाठी वीस वर्षं आहेत: चार दाराबाहेर रडत, पाच वचन ऐकत, सात गुडघ्यांवर, चार उभं राहून पण प्रभुभोजनाविना. 390 मध्ये थेस्सलोनिकात कत्तल करवणाऱ्या सम्राट थिओडोशियसला मिलानच्या अंब्रोजनं प्रायश्चित्ताला लावलं, ते या व्यवस्थेचं तेज. पण पश्चिमेत यातून गेलेल्यावर जन्मभर बंधनं राहत, आणि हे आयुष्यात एकदाच करता येई. माणसं हुशार असतात. त्यांनी बाप्तिस्मा किंवा प्रायश्चित्त मरणापर्यंत लांबवायला सुरुवात केली. 506 च्या आग्द इथल्या परिषदेनं तर सांगून टाकलं की तरुणांना सहसा प्रायश्चित्त देऊ नका, वय कच्चं असतं. म्हणजे ज्यांना पापाचा सर्वाधिक उपद्रव, त्यांनाच औषध बंद.

कुलूप उघडलं आयर्लंडच्या मठांनी, आणि बहुधा तसा काही इरादा नसताना. तिथं भिक्षू आपल्या वडीलधाऱ्या सोबत्याजवळ मन मोकळं करत, खासगीत, हवं तितक्या वेळा. सामान्य लोकही तसंच करू लागले. 589 मध्ये स्पेनमधल्या टोलेडोच्या परिषदेनं नेमकी अशीच रीत आपल्याकडे पाहून संताप व्यक्त केला: लोक पाप करतात तितक्या वेळा धर्मगुरूकडे जाऊन समेट मागतात, हे थांबलंच पाहिजे! आणि साधारण त्याच सुमारास कोलंबानस हा आयरिश भिक्षू समुद्र ओलांडून गॉलमध्ये आला, तीच रीत पोतडीत घेऊन.

या भिक्षूंच्या प्रायश्चित्त-पोथ्या वाचताना हसू येतं आणि थक्कही व्हायला होतं. अमुक पापाला इतके दिवस पाणी-भाकरी, तमुक पापाला इतकी स्तोत्रं. पण यादीच्या मागे एक विचार आहे: रोग जसा, त्याच्या उलट उपाय. कोलंबानसच्या नावावरच्या पोथीत बडबड्याला मौन, खादाडाला उपास, झोपाळूला जागरण आहे. त्याच पोथीत तर खुनी धर्मसेवकासाठी असं आहे की दहा वर्षं परदेशी काढून त्यानं परत यावं, मेलेल्याच्या आईबापांपुढे उभं राहावं आणि तुमच्या मुलाच्या जागी मी आहे, सांगाल ते करीन, असं म्हणावं. त्या घरातली पहिली संध्याकाळ कशी गेली असेल, ते काही कोणत्या पोथीत नाही.

या पोथ्यांतून दर ठरले, दरांतून सवलती निघाल्या, आणि सवलतींचा बाजार होऊन 1517 मध्ये धर्मसुधारक लूथर भडकला, तो भाग सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी 1215 च्या लॅटरन परिषदेनं प्रत्येकाला वर्षातून निदान एकदा कबुली सक्तीची केली होती आणि ऐकलेलं बाहेर फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून मठात जन्मभर डांबण्याची शिक्षा ठरवली होती. मध्ये जाळी असलेली लाकडी पेटी सोळाव्या शतकात मिलानच्या कार्लो बोरोमिओनं रूढ केली. लूथर चिडला तो बाजारावर. खासगी कबुली त्याला स्वतःला शेवटपर्यंत हवी होती, हे त्याचे चाहतेसुद्धा विसरतात. प्रोटेस्टंट उपासनेत आज सगळी मंडळी मिळून एका सुरात कबुली देते, ती वेगळीच रीत.

जुन्या गोव्यात किंवा वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये गेलात तर भिंतीकडेची लाकडी पेटी तुम्हाला दिसेल. ईस्टरच्या आधीच्या दिवसांत तिच्यापुढे रांग लागते: कॉलेजातली पोरं, पाठीवर बॅग घेऊन लोकलमधून थेट आलेले चाकरमानी, काठी टेकत आलेल्या आज्या. बहुतेकांची यादी गेल्या वर्षीचीच, आणि आतला फादरही ती पहिल्यांदा ऐकत नसतो. टोलेडोचे बिशप हे पाहून भोवळ येऊन पडले असते.